पोर्टलंडचे अनामिक जहाज आणि उशिरा सुटलेली नौका

तारकर्ली आणि नेत्राणीच्या उबदार पाण्यात पुष्कळ बुड्या मारलेल्या असल्यामुळे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंडचा समुद्र तेवढा थंड असेल, बाकी फरक तो काय पडणार, असे मी आणि माझ्या मेहुण्यांनी बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी बसून ठरवून टाकले होते. तेथे बुडालेल्या, नाव न कळलेल्या एका जहाजापर्यंत आम्हाला बुडी मारायची होती. मे महिन्यातले ११ अंशांचे पाणी ड्रायसूटमुळे, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणाऱ्या पोशाखामुळे सोसवले. छळले ते ओढीने, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहाने.

नौकाचालकाने फोनवर ‘येथे ओढ नसते’ असे सांगितले होते. खरे असे की भरती आणि ओहोटी यांच्या दरम्यान तेथील पाणी थोडाच वेळ स्थिर राहते आणि तेवढ्या वेळातच खाली उतरायचे असते. आमची नौका दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी ४० मिनिटे धक्क्यावर थांबली. आम्ही पोहोचलो तेव्हा जहाजापर्यंत सोडलेली दोरी ताठ आणि तिरकी झाली होती, तिचा बोया (वर तरंगणारी खूण) निम्मा पाण्याखाली ओढला जात होता, आणि त्याच क्षणी नकार द्यायला हवा होता. हातावर हात टाकत ३० मीटर उतरताना मास्क चेहऱ्यावर थरथरत होता. तळाशी दाब चौपट, त्यामुळे हवाही चौपट वेगाने संपते, आणि माझा एकतृतीयांश सिलिंडर उतरण्यातच गेला. आठ मिनिटांत दोन बॉयलर, जहाजाच्या सांगाड्याच्या काही फासळ्या आणि काँगर ईल हा एक सापासारखा मासा दिसला. जहाजाचे नाव सांगणारी घंटा कोणालाच सापडलेली नाही, आणि मी तर ती शोधण्याच्या अवस्थेतच नव्हतो.

जाणाऱ्यांनी स्थिर पाण्याची वेळ लेखी मागावी. ती पूर्ण भरतीच्या वेळीच असते असे गृहीत धरू नये. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण टाळून अष्टमीनंतरच्या भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस निवडावेत. बोया बुडताना दिसला, तर पैसे गेले असे समजून नौकेतच बसावे. वर येताना सोडायचा फुगा आणि रीळ स्वतःचे न्यावे. आम्ही दोरी सोडून वाहत वर आलो, ते फुग्यामुळेच सापडलो.

पैशांबाबत सांगायचे, तर ड्रायसूट, टॉर्च आणि खाली उतरण्यासाठी कमरेला बांधायचे शिसेसुद्धा निराळे आकारून कळवलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट बिल झाले. शिशाचे भाडे ही शुद्ध लूट आहे. पुढचे दोन दिवस बंदरात सुखाचे गेले. मेहुण्यांना तळाचा एक पितळी तुकडा आणायचा होता. १९९५च्या ब्रिटिश कायद्यानुसार अशी वस्तू २८ दिवसांत सरकारला कळवावी लागते, म्हणून मी तो तेथेच ठेवायला लावला.