हंगामाची नोंद: गाडीपाशी रायफल रिकामी करताना

मंडळी, यंदा नेमाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. शंभर यार्डांवर बाकाच्या आधाराने झाडलेल्या गोळ्या आता दीड इंचात बसतात. जमिनीवर बसून झाडल्या की तोच पसारा पंजाएवढा होतो, त्यावर काम चालू आहे. वर्षभर खरी मेहनत घेतली ती दुसऱ्याच गोष्टीवर: रायफल घेऊन गाडीपाशी येणं, ती रिकामी करणं, आत ठेवणं आणि पुन्हा बाहेर काढणं. शिकारीत चुकून गोळी सुटते ती अनेकदा याच चार-पाच मिनिटांत, म्हणून आजची सगळी नोंद या विषयावर.

जे पहिल्यांदाच वाचताहेत त्यांच्यासाठी: कॉलेजात असताना मी पुण्याला बालेवाडीत दहा मीटर एअर रायफल मारायचे. आता अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहते आणि थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या हंगामात हरणाच्या शिकारीला जाते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या माझ्या पिढीने घरात शिकार पाहिलेली नाही. त्यामुळे आपल्याकडचे जे लोक इथे हे शिकतात ते मोठेपणी, शून्यापासून शिकतात. मला हा फायदाच वाटतो. लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या चुकीच्या सवयी आपल्याला मोडाव्या लागत नाहीत.

मात्र नेमबाजीच्या रेंजवर शिकलेल्या माणसाला एक मोठी गोष्ट नव्याने शिकावी लागते. बालेवाडीत सगळे एका रांगेत, नळ्या लक्ष्याच्या भिंतीकडे, रायफलची पेटी (केस) उघडली की नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग, म्हणजे आत काही भरलेलं नाही हे दाखवणारी पट्टी, दिसलाच पाहिजे, आणि हुकूम झाल्याशिवाय कुणी काही भरत नाही. कोण काय करतंय हे बघायला रेंज ऑफिसर उभा असतो. शिकारीत हे काहीच नसतं. अंधार पडलेला, पारा शून्याच्या खाली, सगळे भुकेलेले, एका पिकअपभोवती तीन-चार माणसं, कुणाचा तरी कुत्रा, आणि कुणाच्या हातात नळी कुठे वळली आहे हे सांगणारं कुणी नाही.

आमच्या राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं हंगामातल्या अपघातांचे छोटे अहवाल प्रसिद्ध करतं. गेल्या हिवाळ्यात मी जुने अहवाल काढून वाचले. इतर राज्यांतल्या बातम्याही वाचल्या. गाडीशी संबंधित प्रकार पुन्हा पुन्हा तेच आहेत. सीटवरची रायफल नळीकडून धरून स्वतःकडे ओढणं. सीटवर बसूनच काडतुसं काढणं. हरीण दिसलं म्हणून घाईघाईत भरलेली रायफल हरीण पळाल्यावर तशीच आत घेणं. सांगण्यासारखा मुद्दा हा की यातल्या पुष्कळांना बंदुकीचा दांडगा अनुभव असतो. अनुभवाने हात सफाईदार होतो, पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला झाडायचं काडतूस बसतं त्या खोबणीत, काय आहे हे हाताला कळत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये कॅन्ससच्या समनर काउंटीत एक तिशीतला शिकारी पिकअपच्या पुढच्या सीटवर बसला होता. मागच्या सीटवर रायफल आणि कुत्रा. कुत्र्याचा पाय रायफलवर पडला, गोळी सुटली आणि तो माणूस गेला. बातमी जगभर फिरली ती कुत्र्यामुळे. आपण मात्र त्यात कुत्र्याच्या आधीची पायरी बघायची: मागच्या सीटवर भरलेली रायफल होती. तिथे कुत्र्याऐवजी सरकलेली पिशवी, जॅकेटची दोरी किंवा खड्ड्यातला दणका असता तरी चापावर दाब यायला तेवढं पुरतं.

आता भौतिकशास्त्र. माझी रायफल .३०८ मापाची आहे. तिची १५० ग्रेनची (जवळपास दहा ग्रॅमची) गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने निघते. गाडीच्या दाराचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. सीट, दार, छत यातलं काहीही आड म्हणून धरायचं नाही. पलीकडे उभा असलेला माणूस उघड्यावरच उभा आहे. आणि गोळी कुणाला लागली नाही तरी आवाज आहेच. मोठ्या रायफलचा बार १६० डेसिबलच्या आसपास जातो, १४० च्या पुढे एका फटक्यात कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि हे मोकळ्या हवेतलं. बंद केबिनमध्ये, कानावर संरक्षण नसताना काय होत असेल त्याचा विचार करा.

सेफ्टीच्या खटक्याबद्दल (लावला की बार होऊ नये म्हणून असलेला) जरा सविस्तर लिहिते, कारण "सेफ्टी लावलेली आहे" हे वाक्य गाडीपाशी सर्वांत जास्त ऐकू येतं.

ऑक्टोबर २००० मध्ये माँटानात एक कुटुंब शिकारीहून परतलं होतं. आई रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० रायफल रिकामी करत होती. त्या जुन्या घडणीत सेफ्टी लावलेली असताना बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडतच नसे, म्हणजे रायफल रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढावीच लागे. तिने सेफ्टी काढली आणि गोळी सुटली. बोट चापावर नव्हतं असं कुटुंबाने कायम सांगितलं. गोळी घोड्यांच्या ट्रेलरमधून आरपार गेली आणि पलीकडे उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. पुढे वडिलांनी वर्षानुवर्षं या चापाच्या रचनेचा पाठपुरावा केला.

ती रचना अशी होती. चापाच्या पुढच्या बाजूला कनेक्टर नावाची एक छोटी पट्टी बसे, पण ती चापाला जोडलेली नसे, स्प्रिंगच्या दाबाने नुसती टेकलेली असे. प्रत्येक बाराला ती चापापासून किंचित सुटे आणि परत येई. त्या फटीत कचरा, गोठलेलं पाणी किंवा घट्ट झालेलं तेल राहिलं तर पट्टी पूर्ण जागेवर येणार नाही, वरच्या सिअरला (फायरिंग पिन अडवून धरणारा तुकडा) पुरेसा आधार मिळणार नाही, आणि सेफ्टी काढताक्षणी फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून बार उडवणारी कांडी, सुटू शकेल, असा टीकाकारांचा आक्षेप. कंपनीने सदोष रचनेचा आरोप कधी मान्य केला नाही. १९८२ पासून मात्र सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडेल अशी सोय केली, आणि पुढे सामूहिक दाव्याच्या समझोत्यात चाप मोफत बदलून देण्याची तयारी दाखवली. २०१४ मध्ये एक्समार्क प्रो या नव्या चापाच्या रायफलीही परत मागवाव्या लागल्या, कारण जोडणीच्या वेळी चिकटवणारं द्रव्य जास्त पडलेलं होतं.

या हकिकतीत यंत्राचा वाद एकीकडे आणि आपलं काम दुसरीकडे. खटका हा आत लपलेल्या दोन-तीन छोट्या लोखंडी तुकड्यांवर चालतो, आणि ते तुकडे आज कोणत्या अवस्थेत आहेत ते बाहेरून दिसत नाही. नळी कुठे आहे ते दिसतं. म्हणून विस्कॉन्सिनच्या शिकारी प्रशिक्षणात चार नियम घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेली समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला, लक्ष्य, त्याच्या आधी आणि पलीकडे काय आहे याची खात्री, आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर. यात सेफ्टीचं नाव कुठेच नाही. अठराच्या वरच्यांना हा अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो, पण जमलं तर वर्गात जाऊन करा. आमच्या प्रशिक्षक बाईंनी वर्गाच्या आवारात खरी गाडी उभी केली होती आणि डमी (दारू नसलेली, सरावाची) काडतुसं घालून प्रत्येकाकडून चढणं-उतरणं करून घेतलं. पडद्यावर हे शिकवता येत नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे वडिलांच्या वेळचा जुना पिकअप आहे, शेडमध्ये झाकून ठेवलेला. या वसंतात त्यांनी तो मला मुद्दाम उघडून दाखवला. चालकाच्या डोक्यावर, काचेपासून वीतभर मागे, छताला भोक आहे. आतून बघितलं तर करंगळीही जाणार नाही एवढं, कडा वर वळलेल्या. शिडीवर चढून बाहेरून बघितलं तर तेच भोक बोराएवढं, पत्रा फाटून पाकळ्यांसारखा उघडलेला, रंग चहूबाजूंनी उडालेला आणि त्यावर गंज. वडिलांची .३०-३० लिव्हर अ‍ॅक्शन होती (चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची), बाहेर उघडा घोडा, म्हणजे मागे ओढून सोडला की बार उडवणारा भाग, असलेली. चेंबरमध्ये काडतूस ठेवून घोडा हलकेच खाली सोडलेला. सीटमागून ओढून काढताना घोडा कशात तरी अडकून अर्धवट मागे गेला आणि सुटला. आजोबा तेव्हा शाळकरी मुलगा होते, शेजारच्या सीटवर. भोक बुजवायचं नाही असं वडिलांनी ठरवलं. पावसाळी दिवसांत वरून एक पत्र्याचा तुकडा ठेवत. मी ते भोक किती वेळ बघत बसले होते कुणास ठाऊक. नळी चार बोटं डावीकडे असती तर मला हे कुणी दाखवलंच नसतं.

लिव्हर अ‍ॅक्शनबद्दल एवढं ध्यानात ठेवा की नळीखालच्या मॅगझिनमधली (काडतुसांचा साठा असतो तो भाग) काडतुसं काढायला बहुतेक जुन्या मॉडेलांत प्रत्येक काडतूस चेंबरमधून फिरवावं लागतं. म्हणजे रिकामी करताना ती दर वेळी थोडी थोडी भरत असते. हे काम बसून, अरुंद जागेत करण्यासारखं नाही.

माझी बोल्ट अ‍ॅक्शन आहे, काढता येण्याजोग्या मॅगझिनची, आणि सेफ्टी लावलेली असताना तिचा बोल्ट उघडतो. यंदा बसवलेला क्रम असा: गाडी दिसली की तिच्यापासून वीसेक पावलांवर थांबायचं. कुणाकडेही नाही अशा दिशेला, मऊ जमिनीकडे नळी. आधी मॅगझिन काढून खिशात. मग बोल्ट उघडायचा, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडताना बघायचं, ते हातात घ्यायचं. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. बोल्ट उघडाच ठेवून चेंबर फ्लॅग (रेंजवरच्या सेफ्टी फ्लॅगसारखाच) घालायचा, आणि तशीच गाडीपर्यंत न्यायची.

क्रम उलटा झाला तर काय होतं ते डमी काडतुसं घालून घरी करून बघा. आधी बोल्ट उघडून काडतूस काढलं, "झाली रिकामी" म्हणून बोल्ट बंद केला, आणि मग मॅगझिन काढलं. मॅगझिनमधलं वरचं काडतूस बोल्टने पुढे ढकलून चेंबरमध्ये घातलेलं असतं. मॅगझिन हातात, जमिनीवर एक काडतूस पडलेलं, सगळं रिकामं झाल्यासारखं दिसतं आणि रायफल भरलेली. एकदा डोळ्यांनी पाहिलं की क्रमाचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही.

सराव हातमोजे घालून आणि अंधारात केला. गारठलेल्या करंगळीला चेंबरची कड आणि काडतुसाचा बूड यातला फरक पटकन कळत नाही, म्हणून टोपीवरचा लाल दिवा लावून बघणं आता क्रमात घातलं आहे. नोव्हेंबरमध्ये हे सगळं न आठवता घडलं. यंदाची माझी सर्वांत मोठी कमाई ती हीच.

कायदाही याच बाजूने आहे. विस्कॉन्सिनमध्ये गाडीत रायफल किंवा शॉटगन भरलेली चालत नाही; चेंबरमध्ये काडतूस नको आणि लावलेल्या मॅगझिनमध्येही नको. २०११ पासून ती केसमध्ये असण्याची सक्ती नाही, मी तरी केस सोडलेली नाही. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, सीमा ओलांडण्याआधी तिथले वाचा. आणि एच-वन व्हिसावर असलेल्यांनी लक्षात घ्या: संघराज्याच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातल्या अपवादांपैकी एक. मित्राची रायफल हातात धरण्याआधी आपली कागदपत्रं तपासा.

सगळ्यांत अवघड भाग भिडेचा. दुसऱ्याच्या गाडीत बसताना, वयाने मोठ्या आणि अनुभवी माणसाला "बोल्ट उघडून दाखवता का?" असं विचारायला आपल्या जिभेला जड जातं. वडीलधाऱ्यांना असं विचारायचं नसतं, हे आपल्यात मुरलेलं आहे. मी उपाय असा केला की आधी माझी रायफल उघडून पुढे धरते आणि म्हणते, "माझं चेंबर बघता का जरा?" समोरचा बघतो आणि आपोआप आपलीही दाखवतो. एकाने मात्र हसून टाळलं. मी त्या गाडीतून गेले नाही, नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. वाईट वाटलं, संबंध थोडे ताणले गेले, तरीही पुढच्या वेळी हेच करीन.

आता पुढचं काम. नऊ दिवसांचा हंगाम संपला की लगेच मझललोडरचा (तोंडाकडून बंदुकीची दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक) सुरू होतो, आणि शेजारच्या आजोबांनी त्यांची पर्कशन कॅपवाली (आत ठासलेली दारू पेटवणारी छोटी टोपी बाहेरून बसवायची) वापरायला देऊ केली आहे. इथला कायदा कॅप काढली की ती रिकामी मानतो, पण नळीत दारू आणि गोळी दोन्ही ठासलेली असतातच. नुसती कॅप काढून ती गाडीत ठेवायला माझं मन घेत नाही. दिवस संपला की सुरक्षित मातीच्या बांधात झाडून टाकायची, की ब्रीच प्लग (नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच) काढून आतली दारू आणि गोळी ढकलून बाहेर काढायची? आजोबांच्या रायफलीचा प्लग निघत नाही, त्यामुळे माझ्यापुरता पहिलाच मार्ग उरतो. तुमच्यापैकी कुणी थंडीत मझललोडर वापरत असेल तर गाडीपर्यंत यायच्या आधी तुम्ही नेमकं काय करता, ते क्रमवार लिहा.