साड्यांच्या दुकानाची वेबसाईट: भाड्याची की बांधून घेतलेली?

बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक निम्मं बेळगाव-खानापूरचं, निम्मं चंदगड, आजरा, गडहिंग्लजचं. शिवाय चोर्ला घाट चढून येणारी गोव्याची मंडळी. बस्त्याला गाडी भरून निघण्याआधी आता सगळेच गूगलवर दुकानाचं नाव टाकून बघतात. तिथं आमची एक फुकटची वेबसाईट होती, गूगलच्याच बिझनेस प्रोफाइलमधून काढलेली. मार्च २०२४ मध्ये गूगलनं असल्या सगळ्या वेबसाईटी बंद केल्या. १० जूनपर्यंत जुना पत्ता दाबला की प्रोफाइल उघडायचं, मग तेही थांबलं. आणि आमच्या पिशव्यांवर तोच पत्ता छापलेला, गठ्ठे शिल्लक.

मामंजी म्हणाले, "पिशवीवर फोन नंबर आहे की. वेबसाईट कशाला पाहिजे?"

त्यांना पटेल असं उत्तर द्यायचं तर आधी मलाच ते ठरवायला हवं होतं.

टिळकवाडीतला एक मुलगा वेबसाईटी करून देतो. त्यानं दुकानात येऊन, तासभर बसून सगळं विचारून घेतलं आणि पहिल्यापासून लिहून द्यायचे साठेक हजार सांगितले. होस्टिंग (वेबसाईट ठेवायला सर्व्हरवरची जागा) आणि दरवर्षीची देखभाल वेगळी. दुसरीकडे विक्स, शॉपिफाय असले तयार बिल्डर: साचा निवडा, फोटो टाका, वर्षाचं भाडं भरा. मधला रस्ता वर्डप्रेसचा. २००३ पासूनचं, फुकट, त्यावर वूकॉमर्स चढवलं की दुकान तयार. पण अपडेट, प्लगइन, बॅकअप हे बघायला कुणीतरी लागतं, आणि आमच्याकडे ते 'कुणीतरी' म्हणजे मीच.

पैशांवरून काही ठरेना. बांधून घेतलेल्याला पहिल्या वर्षी खिसा मोकळा होतो, बिल्डरचं भाडं कधीच संपत नाही. चार-पाच वर्षांचा हिशोब मांडला तर दोन्ही आसपासच येतात.

खरी अडचण साडीचीच आहे. आमच्याकडे शालू, पैठणी बहुतेक एकेकच नग. त्या रंगाची, त्या काठाची दुसरी नसते. बिल्डरमध्ये 'शिल्लक १' असं टाकता येतं, आणि ऑनलाइन विकली गेली तर तो नग आपोआप 'संपला' दाखवतो. पण तीच साडी रविवारच्या गर्दीत गादीवरून गेली, तर वेबसाईटला काय कळणार? कुणीतरी मोबाईल काढून ती खोडायची. रविवारी आमच्याकडे पाणी प्यायला सवड नसते. टिळकवाडीच्या मुलाला हे बरोबर समजलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरलाच जोडून देतो. बिल झालं की साडी वेबसाईटवरनं जाईल." बांधून घेतलेल्या वेबसाईटच्या बाजूनं मी ऐकलेला हा सगळ्यात जोरकस मुद्दा, आणि तो मला अजूनही मान्य आहे.

मग मी दोघांनाही एकच परीक्षा लावली: दुकान चालू असताना, मोबाईलवरून, मला एका साडीचा फोटो आणि किंमत बदलता आली पाहिजे. बिल्डरच्या चाचणी-खात्यात ते झालं. मोबाईलचा चार-पाच एमबीचा फोटो त्यानं स्वतःच हलका करून घेतला. मुलाच्या नमुन्यात फोटो होता तसाच चढला आणि पान रेंगाळत उघडलं. सांगितल्यावर त्यानं ते दुरुस्तही केलं असतं. पण प्रत्येक बाबतीत 'सांगितल्यावर' आलं, तर सांगायचं काय ते आधी आपल्याला कळायला हवं ना!

तरी परीक्षेचा खरा उपयोग वेगळाच झाला. फोटो चढवताना लक्षात आलं की ट्यूबलाईटखाली जांभळी साडी निळी दिसते, आणि इरकलीच्या लाल-पांढऱ्या पदराचं सूत तर दिसतच नाही. एवढ्या किमतीची साडी फोटो बघून कोण घेणार, आणि परत आली की भांडण कुणाशी? शिवाय ऑनलाइन पैसे घ्यायचे तर ते आपल्यापर्यंत पोचवणारा गेटवे साधारण २ टक्के घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही. बाहेरचा गेटवे जोडला की त्यांचा टक्का पुन्हा वेगळा. दुकानातल्या क्यूआरवर यूपीआयनं घेतलं तर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही.

आणि आपल्याकडचं एक. शिनोळी आमच्यापासून अर्ध्या तासावर, पण ती महाराष्ट्रात; तिथं पार्सल पाठवलं की ते परराज्य. आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, लागतो. आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत, नाही म्हणून निभावलं असतं. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला परराज्यात माल विकताच येत नाही. हद्दीवरच्या आपल्या गावांत वेबसाईटवर 'खरेदी करा' बटण लावण्याआधी सी.ए.ला एक फोन करावा.

म्हणून ठरवलं, वेबसाईटवर विकायचंच नाही. प्रकार दाखवायचे, 'अमुकपासून अमुकपर्यंत' किंमत लिहायची, आणि खाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. ज्याला हवं त्याला व्हिडिओ कॉलवर साडी उजेडात धरून दाखवायची. हे ठरलं आणि बिलिंग जोडायची गरजच उरली नाही. बिल्डर घेतला.

मराठी मात्र त्यानं आधी वाकडीच दाखवली. साच्यातलं मथळ्याचं अक्षर देखणं, पण त्यात देवनागरी नव्हती, म्हणून मराठी भलत्याच फाँटमध्ये उमटली. त्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं. इंग्रजीला ते शोभतं. आपली शिरोरेषा तुटली आणि 'पैठणी' तीन तुकड्यांत लटकली. ओळीची उंची कमी असल्यानं वरच्या मात्रा कापल्या जात होत्या. अंतर शून्यावर आणलं, ओळ उंच केली, आणि 'एक टाइप'चा 'अनेक' हा फाँट घेतला. तो देवनागरीतही आहे आणि कन्नडातही. साचा निवडताना इंग्रजी नमुना बघून भुलू नका, 'काठपदर' आणि 'ज्येष्ठा' असे शब्द टाईप करून बघा.

भाषा तीन ठेवल्या. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असलं पाहिजे हा कर्नाटकचा कायदा २०२४ मध्ये आला. वेबसाईटवर गिऱ्हाईक बघून ठरवलं. पहिलं मराठी, मग कन्नड, गोव्याच्या नव्या पिढीसाठी इंग्रजी.

एका बाबतीत मी हट्ट धरला. वार्षिक योजनेबरोबर बिल्डर पहिल्या वर्षी डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, फुकट देत होता; ते घेतलं नाही. '.इन'चं डोमेन वेगळीकडे, मामंजींच्या नावावर आणि दुकानाच्या ईमेलवर नोंदवलं. ओळखीच्या एका दुकानदाराचं डोमेन करून देणाऱ्याच्याच नावावर होतं. तो परगावी गेला, फोन उचलेना, आणि यांची वेबसाईट मुदत संपून बंद पडली. बिल्डरमध्येही धोका आहेच. विक्सवर बांधलेली वेबसाईट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. उद्या सोडायचं झालं तर पानं पुन्हा बांधावी लागतील, म्हणून मूळ फोटो आणि मजकूर आमच्या कॉम्प्युटरवर साडीच्या प्रकारांप्रमाणे ठेवलेत. पत्ता आपला असला की पिशव्या तरी पुन्हा छापायला नकोत.

टिळकवाडीच्या मुलाला काम दिलंच. डोमेन बिल्डरला जोडणं आणि गूगल प्रोफाइलवर नवा पत्ता चढवणं त्यानं केलं, आणि त्याचे पैसे चोख दिले. घाऊक खणांचा धंदा वाढला तर शिंप्यांसाठी वेगळे दर, उधारी, ऑर्डरी असलं काही लागेल. ते आमच्या बिल्डरवर जमलं नाही, तर त्यालाच बोलवू. कन्नड पान अजून अर्धं आहे, ते तुळशीच्या लग्नाआधी पुरं करायचंय.