बळ्ळारीचे वाजणारे दगड

हंपीला निघालेली आपली मंडळी होस्पेटला उतरतात. कोल्हापूरहून येणारी हरिप्रिया एक्स्प्रेस तिथून पुढे बळ्ळारीला जाते. शक्य असेल तर या खेपेला तिकीट तिथपर्यंतचं काढा. शहराला लागूनच सांगनकल्लू-कुपगलच्या टेकड्या आहेत. ग्रॅनाइटच्या लालसर धोंड्यांमधून डोलेराइटची काळी भिंत वर चढत जाते. इ.स.पू. 3000 नंतरच्या नवाश्मयुगात इथल्या गुराखी-शेतकऱ्यांनी याच काळ्या दगडाच्या कुऱ्हाडी घडवल्या, त्यावर चित्रं कोरली आणि तो वाजवलाही.

चित्रांत बैलच बैल. लांब शिंगं, ठसठशीत वशिंड. टोचे मारून दगडाची काळी पुटं उडवली की आतला फिका रंग दिसतो, तीच रेषा. कोकणातली कातळशिल्पं सड्यावर उभं राहून पाहता येतात, इथे मात्र काही बैल अशा अडनिड्या जागी आहेत की कोरणारा लटकला होता की काय असं वाटतं. सगळंच प्राचीन नाही; पुढच्या काळातल्या हातांनीही भर घातली आहे.

आणि ते खळगे! काही धोंड्यांवर ठोकून ठोकून गुळगुळीत वाट्या झाल्या आहेत. तिथे गोटा आपटला की 'ठप्प' होत नाही, घंटेसारखा खणखणीत नाद उठतो. दगड घट्ट आणि खाली मोजक्याच ठिकाणी टेकलेला, म्हणून तो थरथरू शकतो. 1892 मध्ये फॉसेट या इंग्रज अधिकाऱ्याने ही जागा पाहिली, नंतर ती बराच काळ कुणाला धड सापडली नाही.

वाजवून बघायचा मोह होणारच. माझं मत: बोटांच्या पेरांनी टकटक करा, तेवढंच पुरे. गोटा मारून वाट्या झिजवायला आपण नवाश्मयुगातले नाही. चित्रांवर खडू किंवा पाणी तर अजिबात नको.

आधी शहरातलं रॉबर्ट ब्रूस फूट संग्रहालय पाहा. उघडं आहे ना, हे विचारून जा. टेकडीवर वाटाड्या घ्याच, पाट्यांच्या भरवशावर राहू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर तिरप्या प्रकाशात रेषा उठून दिसतात, दुपारी दगड तापतो आणि चित्रं पुसट होतात. चांगली पकड असलेले बूट, भरपूर पाणी, डोक्याला काहीतरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. परतताना होस्पेट रस्त्यावर कुडतिनीला थांबा: तिथली राखेची टेकडी म्हणजे नवाश्मयुगातल्या गुराख्यांनी जाळलेलं शेण.