बाबांचं पराक्रम पदक आणि आडनावापायी चार फेऱ्या

आधीच सांगतो, डिस्चार्ज बुकाची (फौज सोडताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीची) मूळ प्रत कुणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

बाबा जंगी पलटणीचे, म्हणजे १ मराठा लाइट इन्फंट्री. डिसेंबर १९७१ च्या युद्धात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला पलटण रस्ता अडवून बसली होती. १० तारखेच्या रात्री जमालपुरात अडकलेली पाकिस्तानची ३१ बलुच पलटण वेढा फोडायला निघाली, ती थेट यांच्यावरच आली. बाबांच्या डाव्या पोटरीत स्प्लिंटर घुसली. पूर्व आघाडीवर लढलेल्यांचं ‘पूर्वी स्टार’ पदक मिळालं. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठीचं पराक्रम पदक १९७३ साली सुरू झालं, तोवर बाबा मेडिकल बोर्ड होऊन, म्हणजे प्रकृतीच्या कारणावरून फौजेतून सुटून, घरी आले होते. मग कुणी मागितलंच नाही.

शेवटी मीच मागायचं ठरवलं. अर्ज एका संध्याकाळी लिहून झाला. अडलं ते ठाण्यातल्या एका ऑफिसात, शिक्क्यासाठी. फौजेच्या कागदावर नाव आणि वडिलांचं नाव, बस्स. आधारवर आडनावही. "हे दोघे एकच कशावरून?" पहिल्या फेरीला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, दाखवला, चालला नाही. दुसऱ्या फेरीला कोर्ट नाक्यावरून प्रतिज्ञापत्र करून नेलं, तर त्यात सर्व्हिस नंबर नव्हता. (टाका, पहिल्याच ओळीत टाका.) तिसऱ्यांदा साहेब रजेवर. मग निरोप, "काकांना समक्ष आणा."

कोपरीहून रिक्षा केली. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कठडा, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत बाबा चढले. वर क्लार्कने मान न उचलता विचारलं, "जखमेचा काही पुरावा?" बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवला. पोटरीत अंगठा मावेल एवढा खड्डा आहे. शिक्का लगेच बसला. माझं डोकं मात्र घरी पोचेपर्यंत तापलेलंच होतं.

पुढचं बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसने केलं. आता वाटतं, पहिल्यापासून तिकडेच स्पीड पोस्टने अर्ज धाडायला हवा होता. पोचपावती जपा, मला दोनदा दाखवावी लागली.

पदक आलं तेव्हा बाबांनी त्याची कड चष्म्याजवळ धरली. नंबर, हुद्दा, नाव. आडनाव नव्हतंच.

"नंबर बरोबर आहे रे," म्हणाले, आणि डबी आईकडे देऊन चहा मागितला.