लाइन गेल्यावर जो वाजते तो बँड

परवा भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. पुण्याला असते तो, नवीन नोकरी, नवीन हेडफोन. "मामा, आयुष्यात एकदा तरी लाइव्ह पाहायलाच पाहिजे असे बँड सांग ना, लिस्ट करून रायलो." मले विचारायचं कारण म्हणजे नागपूरला होस्टेलवर असताना मी पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी कॅसेटा जमवल्या होत्या, त्याच्या लहानपणी त्या टेपवर लावायचो अन आमची आई म्हणायची, "बंद कर बाप्पा ते, म्हशी पान्हवत नाही." मी त्याले एका ओळीत उत्तर पाठवलं, लाइन गेल्यावर जो वाजते तो बँड पाहायचा. त्यानं हसायचे चार चेहरे पाठवले अन विषय संपला. पण मी काही मजाक नव्हती केली, म्हणून इथं सविस्तर लिहितो. (लाइन म्हणजे वीज, हे विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी.)

झालं असं होतं की आमच्या गावात, म्हणजे दारव्ह्याच्या पलीकडं, देवी बसते. चारपाच वर्षांआधी मंडळानं मोठ्या हौसेनं ऑर्केस्ट्रा आणला. इसार दिला, स्टेज बांधलं, दोन गायक एक गायिका, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, गिटारवाला पोट्टा केस वाढवलेला, सगळं एकदम टाइट. आठला सुरू झालं अन पावणेनऊला लाइन गेली. जनरेटर होता हो, पण त्यात डिझेल नव्हतं, डिझेल कोणाकडं होतं ते अध्यक्षाले माहीत अन अध्यक्ष फोन उचलेना. अंधारात सगळे ऑर्केस्ट्रावाले खुर्च्यांवर बसून मोबाइल पाहत होते, चेहरे निळे दिसत होते त्यांचे. गायकानं बिचाऱ्यानं विनामाइक एक कडवं म्हणून पाहिलं, तिसऱ्या रांगेच्या मागं काही ऐकू गेलं नाही.

मग तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले आमचे एक काका उठले, घरून खंजेरी घेऊन आले, मागून एकजण हार्मोनियम डोक्यावर घेऊन आला, एक ढोलकीवाला, दोघं टाळवाले, अन देवीपुढं सतरंजीवर बसून सुरू. कंदील नाही काही नाही, देवीपुढचा दिवा तेवढा. खंजेरी हे विचित्र वाद्य आहे, तळहाताएवढं, पण त्याचा ठेका थेट छातीत लागते. पाच मिनिटात बाया पुढं सरकल्या, पोट्टे टाळ्या द्यायले लागले. अन तो ऑर्केस्ट्राचा गायक गुपचूप येऊन काकांच्या बाजूला बसला अन धृपद धरायले लागला, इतका सुंदर आवाज होता त्याचा अन पाऊण तास आम्हाला तो इकोच्या मागं ऐकूच आला नव्हता.

आता तुम्हाला वाटन की मग गावानं ऑर्केस्ट्रा परत पाठवला. नाही. अर्ध्या तासानं लाइन आली, सगळ्यांनी "आलीऽऽ" म्हणून बोंब मारली अन दोन मिनिटात काकांले विसरून सगळे स्टेजपुढं नाचत होते. मीही नाचत होतो. पण डोक्यात ते राहून गेलं, तवापासून कोणताही बँड पाहिला की मी पहिले मनातल्या मनात त्याची लाइन घालवतो अन पाहतो काय उरते.

आता ही परीक्षा जरा मोठ्यांवर लावू. बीटल्स घ्या. १५ ऑगस्ट १९६५, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, पंचावन्न हजाराच्या वर माणूस. तिथं लाइन होती पण नसल्यासारखीच, कारण अ‍ॅम्प्लिफायर पुरले नाहीत, गाणं स्टेडियमच्या अनाउन्समेंटच्या भोंग्यातून ऐकवावं लागलं अन पोरींच्या किंकाळ्या इतक्या की बँडलेच स्वतःचं ऐकू येईना. अर्ध्या तासात कार्यक्रम आटोपला. म्हणजे त्या दिवशी बीटल्स पाहायले मिळाले, ऐकायले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी टूर करणंच बंद केलं, अन मले तरी त्यात काही चुकलं वाटत नाही.

याच्या उलटं टोक म्हणजे द हू, इंग्लंडचा रॉक बँड. १९७६ मध्ये लंडनच्या चार्लटन मैदानावर त्यांनी १२६ डेसिबल आवाज काढला, गिनीजमध्ये नोंद झाली. आमच्याकडचा धुमाळवाला हे वाचून म्हणन, "बस एवढंच?" मजाक सोडा, पण धुमाळ ज्यानं पाहिला नाही त्याले सांगणं कठीण आहे. नागपुरात संदल (दर्ग्याच्या उरुसाची मिरवणूक) निघते, गणपती निघते, तेव्हा गाडीवर हा सगळा पसारा असते, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ड्रम, ताशे, अन गाणारा कोणीच नाही, गाण्याची चाल कीबोर्डवालाच बेंजोच्या आवाजात काढते. तिकडं छत्तीसगडातही हेच चालते. माह्या परीक्षेत धुमाळ सपशेल नापास आहे, जनरेटर बंद पडला की उरते फक्त गाडी. तरी मी दरवर्षी पाहायले जातो, कारण तो कीबोर्डवाला समोरच्या पोट्ट्यांचे पाय पाहून ठेका बदलते. पाय थकले की हळू, पाय पेटले की तो त्याहून जास्त पेटते. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, पोलीस दादा शिट्टी मारते अन मग पायच नाही तं कानही आराम करतात.

क्वीन पास. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली, लाइव्ह एड नावाचा मदतनिधीचा कार्यक्रम, जेमतेम वीस-एकवीस मिनिटं मिळाली होती त्यांले, संध्याकाळच्या उजेडात, म्हणजे लायटिंगचा खेळ नाही. त्यात त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी नुसता "एऽऽओ" म्हणते अन सत्तर हजार माणूस तसंच्या तसं परत म्हणते. हे आपल्या भजनात रोजचं आहे, बुवा ओळ टाकते, मागचे झेलतात. यूट्यूबवर पाहा, अन पाहताना खंजेरी नाही एवढंच दुःख करा.

मेटॅलिकानं तं गंमतच केली. डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकात, कार्लिनी नावाच्या अर्जेंटिनाच्या तळावर, एका घुमटाखाली कार्यक्रम केला. तिथल्या निसर्गाले त्रास नको म्हणून स्पीकरच लावले नाही, शेसव्वाशे प्रेक्षकांच्या कानात हेडफोन. म्हणजे जगातला एवढा धडधड्या बँड अन बाहेरून पाहणाऱ्याले नुसत्या माना हलताना दिसल्या असतीन. यांले पास म्हणावं की नापास, अजून माह्या डोक्यात पक्कं नाही.

आपल्या देशातलं एकच नाव सांगायचं तं मी इंडियन ओशन म्हणीन. कॉलेजात असताना नागपूरला एका फेस्टमध्ये ऐकलं, मागच्या बाजूनं भिंतीवर बसून, कारण पास नव्हता. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला बँड. स्टेजवर एक माणूस मांडी घालून बसलेला, तबलाही तोच वाजवते अन गातेही तोच, असीम चक्रवर्ती. मी भिंतीवरून जवळपास पडलोच. रॉकचा बँड म्हणून गेलो होतो अन हा तं आपल्या भजनीबुवासारखा बसलेला! बेसवाला राहुल राम, नर्मदा आंदोलनात राहिलेला माणूस, तिकडचंच नर्मदेचं गाणं गात होता. त्यांचं कंदिसा नावाचं गाणं म्हणजे अरामाइक या जुन्या भाषेतली प्रार्थना, एक शब्द कळला नाही अन डोळ्यात पाणी आलं, शेजारचा पोट्टा म्हणे, "काय बे, रडून रायला का?" मी म्हटलं धूळ गेली. असीमदा २००९ च्या डिसेंबरात गेले, तवा पेपरातली दोन इंचाची बातमी कापून ठेवली होती मी. बँड अजून चालू आहे, नवीन लोक आले, भाच्या, तू जा. यांची लाइन गेली तरी तबला उरते, गळा उरते, एक गबगुबी नावाचं तारेचं वाद्य वाजवतात ते उरते. डिस्टिंक्शन.

कोल्डप्ले मी पाहिलं, पण शेतात. हसू नका. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईले अन अहमदाबादले त्यांचे शो होते, तिकिटं आधीच्या सप्टेंबरात निघाली तवा भाचा रांगेत लागला होता, ऑनलाइन रांग बरं का, नंबर लाखात दाखवत होता. २६ जानेवारीचा अहमदाबादचा शो हॉटस्टारवर लाइव्ह होता. त्या आठवड्यात आमच्या फीडरले रातची लाइन होती, शेतीची लाइन पाळीनं येते, एक आठवडा दिवसा एक आठवडा रातच्याले, त्यामुळं हरभऱ्याले पाणी द्यायले मी रातच्या थंडीत बांधावर, पायात गमबूट, डोक्याले मफलर, मोबाइल बोरीच्या फांदीले टेकवलेला. लाखाच्या वर माणूस त्या स्टेडियमात, सगळ्यांच्या हातात चमकणारे पट्टे, एका इशाऱ्यावर सगळे लाल, मग सगळे निळे. कॅमेऱ्यात मधीच बुमराह दिसला. खरं सांगू का, सुंदर होतं. पण ते पट्टे पाहून मले सारखं वाटत होतं की हे बटन दुसऱ्याच्या हातात आहे, काकांच्या भजनात टाळी आपली आपणच देतो. तेवढ्यात मोटार बंद पडली, लाइन गेली, अन मी अंधारात उभा, मोबाइलवर कोल्डप्ले तसाच चालू.

नंतर वाचलं की या टूरमध्ये त्यांनी प्रेक्षकांसाठी सायकली अन उड्या मारायची फरशी ठेवली होती, पायडल मारा, नाचा, त्यातून बॅटरी चार्ज होते अन शोले वीज मिळते. मी वाचून थक्क. म्हणजे कोल्डप्लेनं माह्या परीक्षेचा पेपरच फोडला! पास करावं लागलं. फक्त आमच्या मंडळाच्या अध्यक्षाले त्या सायकलीवर बसवायची फार इच्छा आहे.

आता जे मनापासून सांगायचं ते. मी ऐकलेलं सगळ्यात जबरदस्त लाइव्ह वाजवणं डफड्याचं आहे. लहानपणी, पौषातल्या थंडीत, दवानं कातडं सैल पडायचं तं वाजवणारे पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, जाळ करायचे अन डफडं त्यावर शेकायचे, बोटानं टिचकी मारून पाहायचे, परत शेकायचे. ट्यूनिंग म्हणतात ना, ते हे. कडक झालं की पहिली काडी पडायची अन आख्खं गाव जागं. याले कोणती लाइन लागते? फक्त पऱ्हाटी लागते.

पण हे लिहिताना हात अडखळते. कारण डफडं ज्यांच्याकडून आम्ही वाजवून घेतलं त्यांले आम्ही पंगतीले बसवलं नाही, बाजूले, शेवटी, वेगळं. त्या घरांतल्या पुष्कळ जणांनी बाबासाहेबांच्या विचारानं गावकीचं डफडं टाकून दिलं, अन बरोबर केलं. माह्यासारखा माणूस "अरे आता ती कला राहिली नाही" म्हणून हळहळते तवा त्यानं हेही सोबत बोललं पाहिजे. शाळेतल्या माह्या एका दोस्तानं मले हे तोंडावर ऐकवलं होतं, "तुले आवाज आठवते, माह्या आज्याले तो मान खाली घालून वाजवाव लागे." त्याचीच आता भीमगीतांची पार्टी आहे. १४ एप्रिलले रात्री त्यांच्या मोहल्ल्यात हार्मोनियम, ढोलक, बेंजो, अन कधी दुय्यम कव्वाली, म्हणजे एका बाजूनं गायक दुसऱ्या बाजूनं गायिका, सवालजवाब, एकमेकांले चिमटे. मान वर करून वाजवलेलं ऐकायचं तं तिथं. मागच्या वर्षी मी गेलो, त्यानं मले पुढच्या रांगेत बसवलं अन माइकवरून नाव घेतलं, मी लाजलो. यांची लाइन गेली होती की नाही ते आठवतही नाही मले.

बाकी भाच्या, लिस्टमध्ये टाक: अकोटकडले सत्यपाल महाराज, सात खंजेऱ्या एकटा माणूस वाजवते अन वाजवता वाजवता दारू, हुंडा, अंधश्रद्धा सगळ्यांची खरडपट्टी काढते. झाडीपट्टीतलं नाटक, पूर्व विदर्भात वडसा-ब्रह्मपुरीकडं, दिवाळीनंतर सुरू होते, शंकरपट (बैलांची शर्यत) अन मंडईच्या (तिकडची जत्रा) निमित्तानं, रात्री बसलं की सकाळी उठायचं, अन नाटकाचं संगीत समोर बसलेले वाजवणारे लाइव्ह देतात. घोंगडं ने. अन मोझरीले तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीले संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी जे मौन असते ते एकदा अनुभव. एवढा मोठा जनसमुदाय अन एक आवाज नाही. बँड नाही तो, मले माहीत आहे, तरी टाक.

यंदाच्या देवीची मीटिंग झाली. परत ऑर्केस्ट्राच ठरला. मी म्हटलं काकांचं भजन ठेवू ना एक दिवस, काकांनी मलेच थांबवलं, खिशातून दोनशेची नोट काढून अध्यक्षापुढं ठेवली अन म्हणे, "हे घे डिझेलले. दरवर्षी मीच काय वाजवू, मले बी नाचू द्या की बे."