तुम्ही विचारलंत म्हणून: प्लाक का पडत नाहीत?

नांदेड, लातूर, परभणीकडची एमएस्सीची मुलं प्रॅक्टिकलच्या दिवसांत हमखास विचारतात: "ई. कोलाय तोच, लॅम्डा फेजही तोच, मग प्लेटवर एकही प्लाक का नाही?"

फेज म्हणजे जिवाणूंना लागण करणारा विषाणू; इथे लॅम्डा हा फेज आणि ई. कोलाय हा त्याचा यजमान जिवाणू. फेजनं जिवाणू फोडले की प्लेटवरच्या जिवाणूंच्या थरात जो स्वच्छ ठिपका दिसतो तो प्लाक. तो नसेल तर आधी बघा, जिवाणूला खायला काय घातलं होतं. लॅम्डाच्या शेपटीच्या टोकाचं जे-प्रथिन जिवाणूच्या बाहेरच्या पटलातलं लॅमबी हे प्रथिन धरतं. लॅमबी म्हणजे माल्टोज ही साखर आत घ्यायची वाट, फेज तिचाच फायदा घेतो. माल्टोज दिलं की जिवाणू लॅमबी भरपूर तयार करतो. ग्लुकोज असलं की फारच कमी.

म्हणून कल्चर रात्रभर ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घातलेल्या ब्रॉथमध्ये वाढवा, ग्लुकोज नको. सेंट्रिफ्यूज करून ब्रॉथ ओतून द्या. त्यात फुटलेल्या पेशींच्या पटलाचे तुकडे असतात, त्यांवरही लॅमबी असतं आणि फेज तिथेच अडकून वाया जातात. पेशी पुन्हा १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये घ्या, ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ ठेवा. १०० मायक्रोलिटर पेशी आणि तेवढाच फेज ३७ अंशांवर २० मिनिटं राहू द्या. मग त्यात ०.७ टक्क्यांचं ३ मिलिलिटर सॉफ्ट अगार, ४५ ते ४८ अंशांचं, मिसळून प्लेटवर ओता. जास्त गरम असलं तर पेशी मरतात, थंड झालं तर गुठळ्या होतात.

एवढं करूनही प्लेट कोरीच? मग २० मिनिटांनंतरचं मिश्रण सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रवातले फेज चांगल्या यजमानावर मोजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, खरा उलगडा मात्र इथेच होतो. फेज घटले नसतील तर अडचण लॅमबीपाशी आहे. घटूनही प्लाक नसेल तर अडचण आत: ४८,५०२ बेसजोड्यांचा डीएनए आतल्या पटलातून जायला मॅनोज वाहून नेणारी मॅनवाय, मॅनझेड ही प्रथिनं लागतात. आत पोचलेला डीएनए जिवाणूची एन्झाइमं कापतही असतील, किंवा यजमानात आधीच लॅम्डा सुप्त असेल आणि तो नव्या लॅम्डाला रोखत असेल.

भरपूर फेज टाकूनही वाचलेल्या वसाहती टाकून देऊ नका. माल्टोज मॅकॉन्कीवर, म्हणजे माल्टोज वापरणाऱ्या वसाहती लाल दिसतात अशा अगारवर, रेघा ओढा. लाल आल्या तर बहुधा फक्त लॅमबी बिघडलंय. पांढऱ्या आल्या तर माल्टोजची सगळी जनुकं चालवणारं मालटी गेलेलं असू शकतं.

गोदावरीच्या पाण्यातून फेज शोधताना मात्र माल्टोजवर विसंबू नका. इतर फेज बाहेरच्या पटलातली वेगळी प्रथिनं धरतात: टी४ फेजला ओम्पसी लागतं, ते मीठ वाढलं की वाढतं. टी५ फेजला एफएचयूए लागतं, ते लोहाची टंचाई असली की वाढतं.