‘बी’चा आठ झाला आणि गाडी अकरा आठवडे अडकली

गिऱ्हाईक नऊ दिवसांत मिळालं. कागद सरळ व्हायला अकरा आठवडे गेले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गाडी १९६६ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची दोन आसनी गाडी. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर. संग्रहातल्या चार गाड्यांपैकी हीच मी पहिल्या नटापासून स्वतः उभी केली. हिला वेगळी चॅसी नाही, दाराखालचे सिलच बॉडीचा भार पेलतात. ते गंजले होते. कापण्याआधी दाराच्या चौकटीत नळ्या वेल्ड करून बॉडी ताठ धरली, नाहीतर नंतर दारं बसत नाहीत. घेणारा चुंबक घेऊनच आला होता. सिलवर जिथे जिथे लावला तिथे तो घट्ट चिकटला, कारण आत पुट्टी नव्हतीच. त्याचा चेहरा खुलला आणि मला भरून आलं. सौदा तिथेच ठरला.

मग आरटीओत मालकाचं नाव बदलण्याचा अर्ज.

तपासणीला आलेल्या माणसाने बॉनेट उघडलं, ब्लॉकच्या उजव्या बाजूला रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर बॅटरी मारली आणि म्हणाला, ‘‘इंजिन बदललंय.’’ बदललं नव्हतं. पट्टीवर १८जीबी, पुढे यू, एच आणि आकडे. नोंदणीच्या कागदावर मात्र इंग्रजी ‘बी’च्या जागी आठ. त्या काळच्या, क्रँकशाफ्टला पाच बेअरिंग असलेल्या इंजिनाची खूणच ‘जीबी’ आहे. ‘जी’पुढे आठ असं काही एमजीबीत नसतं. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मला पटतंय हो, पण कागदाशी जुळत नाही.’’

इथून फेऱ्या सुरू झाल्या. नाव बदलणारं टेबल म्हणालं, आधी नंबर दुरुस्त करून आणा. दुरुस्तीचं टेबल म्हणालं, तपासणीचा अहवाल लावा. तपासणी करणारा म्हणाला, दुरुस्तीच्या फाइलीचा क्रमांक असल्याशिवाय अहवाल लिहिता येत नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि माझी गाडी मध्ये! कारखान्याच्या नोंदींवरून ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट दाखला देतं, तो माझ्याकडे होता. त्यात इंजिन नंबर स्वच्छ छापलेला. तो पुढे केला तर ‘‘हा बाहेरचा कागद’’ म्हणून परत सरकवला. सहाव्या खेपेला मी आवाज चढवला, त्याने काहीही झालं नाही. उलट पुढचे दहा दिवस साहेब रजेवर.

तोवर घेणाऱ्याचे फोन येत होते. मूळ इंजिन असलेल्या गाडीची किंमत त्याने मोजली होती आणि आता कागदच इंजिन दुसरं आहे म्हणत होता. त्याच्या जागी मीही घाबरलो असतो. इसार परत देण्याची तयारी मी दाखवली, पण तो थांबला.

शेवटी सुटलं ते जुन्या रजिस्टरामुळे. गाडीची पहिली नोंद हाताने केलेली होती, ती संगणकावर चढवताना चूक झाली असणार, असं मला वाटत होतं. तसा लेखी अर्ज केला, ‘मूळ नोंद पाहून खात्री करावी’ एवढ्याच शब्दांत, आणि पोच घेतली. तीन आठवड्यांनी एका वयस्कर कारकुनाने ते पान काढलं. शाई तपकिरी झालेली, ‘बी’ची उभी रेघ मात्र सरळ आणि ठसठशीत. त्याने बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘बसा, आज करून देतो.’’ त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून सांगतो, जाहिरात देण्याआधी पट्टीवरचा रंग काढून टाका, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या आणि एकेक अक्षर कागदाशी ताडून बघा. माझी पट्टी मीच रंगवली होती, म्हणून हे इतकी वर्षं लक्षात आलं नाही. अर्ज तोंडी करू नका. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका. जाणता माणूस बॉनेटवर हात ठेवूनच बघतो, थंड इंजिन पहिल्या फटक्यात लागलं की निम्मं काम होतं. कामाचे फोटो तारखेनिशी ठेवा, विशेषतः सिल कापलेले असतानाचे. रंग चढल्यावर आतलं काम कुणालाच दाखवता येत नाही.

गाडी गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अडखळते म्हणून. एसयूच्या वरच्या नळीत तेल लागतं, ते मी सांगायचंच विसरलो होतो. पितळी बूच काढून थोडं घाला म्हटलं. संध्याकाळी त्याने इंजिनाचा नुसता आवाज फोनवर ऐकवला.